शिंपल्यातील प्रथिने चुन्याला वळण कसे लावतात?

विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट हे दोन्ही घटक असतातच, आणि मोत्याच्या शिंपल्याच्या वजनात प्रथिनांचा वाटा जेमतेम काही टक्क्यांचा असतो, मग एवढीशी प्रथिने एवढ्या चुन्याला आकार देतात म्हणजे नेमके काय करतात? त्याला जोडूनच त्यांनी विचारले आहे की, एकाच प्राण्याच्या एकाच कवचात बाहेरच्या बाजूला एक खनिज आणि आतल्या बाजूला दुसरे, हे कसे घडते? कवचातील प्रथिने वेगळी काढणे आणि त्यांच्या सान्निध्यात स्फटिक वाढवून पाहणे या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, पण प्रश्नच असा आहे की तो दोन ओळींत उरकला तर चुकीचे चित्र मनात राहते.

ते चुकीचे चित्र म्हणजे साच्याचे. प्रथिने हा साचा आणि चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हा त्यात ओतलेला माल, असे सामान्यतः सांगितले जाते. ही उपमा मला अर्धीच पटते. साच्यातला माल स्वतःहून काही करत नाही. शिंपल्यातला चुना मात्र साचायला टपूनच बसलेला असतो. उष्ण कटिबंधातील समुद्राचे पृष्ठभागावरचे पाणी ॲरागोनाइट या खनिजाच्या, म्हणजे चुन्याच्या एका स्फटिकरूपाच्या, दृष्टीने तिपटीच्याही वर संपृक्त असते, म्हणजे विरघळून राहण्याची मर्यादा त्याने केव्हाच ओलांडलेली असते. तरीही समुद्रात जिकडे तिकडे चुना साचताना दिसत नाही, कारण पाण्यातील मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्ये त्याला अडवून धरतात. शिंपल्याने हीच अडवणूक आपल्या हाती घेतली आहे. त्याच्या प्रथिनांपैकी अनेकांचे काम चुन्याला थोपवण्याचे आहे. ज्या जागी आणि ज्या वेळी ही पकड सैल होते किंवा सैल केली जाते, तेथेच खनिज धरते. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी कवचाची रचना पाहू. उदाहरणासाठी मी पिंक्टाडा फुकाटा ही जाती घेते, कारण या विषयातील बरेच महत्त्वाचे काम तिच्यावर जपानमध्ये झाले आहे आणि आपल्याकडे मन्नारच्या आखातात, तुतिकोरिनच्या किनाऱ्याला शतकानुशतके ज्या शिंपल्यांसाठी बुड्या मारल्या गेल्या तेही याच जातीचे मानले जातात. तिच्या कवचाच्या अगदी बाहेर चामड्यासारखे पातळ सेंद्रिय आवरण असते. त्याच्या आत कॅल्साइटच्या उभ्या स्तंभांचा थर असतो. भिंगाखाली तो वरून पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, आणि प्रत्येक स्तंभाभोवती प्रथिनांची भिंत असते. सर्वांत आत तो चकचकीत थर, ज्याला नेकर म्हणतात. मराठीत त्याला मोतीथर म्हटले तर गोंधळ होणार नाही, कारण मोती म्हणजे याच थराचा गोल गुंडाळलेला प्रकार होय. मोतीथर ॲरागोनाइटच्या चपट्या वड्यांचा बनलेला असतो. एकेक वडी साधारण अर्धा मायक्रोमीटर जाड आणि पाच ते दहा मायक्रोमीटर रुंद असते, आणि दोन वड्यांच्या थरांमध्ये काही दशक नॅनोमीटर जाडीचा सेंद्रिय पडदा असतो. भिंतीत विटा आणि त्यांच्या सांध्यांमध्ये मसाला भरावा तशी ही बांधणी आहे. वड्यांची जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळेच मोत्याला ते पाणी चढते, आणि याच बांधणीमुळे मोतीथर मोडण्यासाठी लागणारी ऊर्जा निव्वळ खनिजाच्या तुलनेत सुमारे ३,००० पट असल्याचे मोजले गेले आहे.

कॅल्साइट आणि ॲरागोनाइट या दोन्ही खनिजांचे रासायनिक सूत्र एकच, कॅल्शियम कार्बोनेट. फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा. कॅल्साइटमध्ये प्रत्येक कॅल्शियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, ॲरागोनाइटमध्ये नऊ, म्हणून ॲरागोनाइट अधिक घन असते. साध्या तापमानाला आणि दाबाला कॅल्साइट अधिक स्थिर असते. कोकणात शिंपल्या भट्टीत भाजून चुना करण्याची जुनी पद्धत होती. त्या भट्टीत शिंपल्यातील ॲरागोनाइट आधी कॅल्साइटमध्ये बदलत असणार आणि मग त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जात असणार. भाजणाऱ्याला त्याचे काही नव्हते, त्याला चुना हवा होता. शिंपल्याला मात्र या दोन रूपांत निवड करावी लागते, आणि तीही काही मिलिमीटरच्या अंतरात.

ही निवड कोण करते, याचे पहिले उत्तर भूगोलाचे आहे. कवचाला आतून चिकटून प्रावार नावाचे मांसल अस्तर असते. त्याच्या कडेला घड्या असतात. बाहेरच्या घडीतील पेशी आणि कडेलगतचा भाग स्तंभथराची प्रथिने स्रवतो, तर आतला विस्तृत भाग मोतीथराची. प्रावार आणि कवच यांच्यामध्ये द्रवाची अतिशय पातळ जागा असते आणि खनिज घडते ते तेथे, पेशींच्या बाहेर. कवच वाढते तशी प्रावाराची कड पुढे सरकते. काल जेथे कड होती आणि कॅल्साइट पडत होते, तेथे आज आतला भाग आला आहे आणि त्याच कॅल्साइटवर ॲरागोनाइट चढू लागले आहे. एका जागेचा इतिहास असा एकावर एक लिहिला जातो. २०१२ साली पिंक्टाडा मार्गारिटिफेरा आणि पिंक्टाडा मॅक्सिमा या दोन जातींच्या कवचातील प्रथिनांची यादी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ८० प्रथिने होती आणि स्तंभथरातील प्रथिने व मोतीथरातील प्रथिने यांच्यात समाईक अशी फारच थोडी निघाली. म्हणजे दोन थर हे एकाच कारागिराचे दोन हात नाहीत. ती जवळजवळ दोन वेगळी दुकाने आहेत, शेजारी शेजारी चालणारी.

आता प्रथिने आपल्याला कळतात कशी, याविषयी चार शब्द, कारण निष्कर्षांचे वजन पद्धतीवर अवलंबून असते. कवच स्वच्छ करून बाहेरचा थर खरवडून काढायचा, आतल्या थराची पूड करायची, ती पातळ ॲसिटिक आम्लात अतिशय सावकाश विरघळवायची आणि जे उरते ते दोन भागांत वेगळे करायचे: आम्लात विरघळणारे आणि न विरघळणारे. एका किलो पुडीतून हाती येणारा विरघळणारा भाग पाहून नव्या विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो. त्यातही ही प्रथिने इतकी आम्लधर्मी असतात की प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा निळा रंग त्यांना नीट धरत नाही. पट्टी कोरी दिसते आणि माणूस समजतो की काहीच निघाले नाही. त्यासाठी वेगळा रंग वापरावा लागतो. सुरुवातीच्या काळात मी चुना विरघळवण्यासाठी ईडीटीए हे रसायन वापरत होते. ते कॅल्शियमला घट्ट धरते आणि सौम्य असते, म्हणून ते सोयीचे वाटे. माझा अर्क स्फटिकांची वाढ अशी काही रोखून धरी की मी हरखून गेले होते. सहा महिन्यांनी लक्षात आले की प्रथिनांना चिकटून राहिलेले ईडीटीएच ते काम करत होते. कित्येक वेळा धुऊनही ते पूर्ण निघत नाही. तेव्हापासून कोणत्याही शोधनिबंधात मी आधी चुना कशाने विरघळवला ते वाचते आणि मग बाकीचे. प्रथिनांच्या याद्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी: त्यांत कधी कधी माणसाच्या कातडीतील केराटिन सापडते, आणि ते शिंपल्याचे नसते, संशोधकाच्या बोटांचे असते.

या अर्कांत काय सापडले? १९७५ साली स्टीफन वायनर आणि लेरॉय हूड यांनी दाखवले की विरघळणाऱ्या भागात ॲस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाचे प्रमाण फार मोठे आहे. या अमिनो आम्लाच्या टोकाला असलेला गट कवचालगतच्या द्रवात ऋणभारित असतो आणि कॅल्शियम हा धनभारित असतो. त्यावरून साच्याची कल्पना पुढे आली: प्रथिनाच्या पट्टीवर ठरावीक अंतराने ऋणभार बसलेले, त्यांवर त्याच अंतराने कॅल्शियम बसणार आणि स्फटिकाची पहिली ओळ तयार होणार. कल्पना सुरेख होती आणि तिने पुढच्या वीस वर्षांच्या कामाला दिशा दिली. त्याहीआधी, १९६० साली, वाताबे आणि विल्बर यांनी शिंपल्यातील चुना काढून टाकून उरलेल्या सेंद्रिय सांगाड्यावर पुन्हा खनिज चढवले होते आणि मोतीथराच्या सांगाड्यावर ॲरागोनाइट मिळाल्याचे नोंदवले होते. म्हणजे निवडीची काहीतरी खूण त्या सांगाड्यात शिल्लक राहत होती.

मात्र पहिले प्रथिन प्रत्यक्ष वाचले गेले तेव्हा साच्याच्या कल्पनेला अनपेक्षित वळण लागले. १९९६ साली जपानी संशोधकांनी पिंक्टाडा फुकाटाच्या मोतीथरातून नॅक्रिन नावाचे प्रथिन वेगळे काढून त्याची अमिनो आम्लांची क्रमवारी प्रसिद्ध केली. त्याचा मोठा भाग हा एक विकर, म्हणजे एंझाइम, निघाला. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट करणारे हे विकर आपल्या रक्तातील तांबड्या पेशींतही असते. चुन्यासाठी कार्बोनेट लागते, ते बायकार्बोनेटपासून मिळते, तेव्हा खनिज घडते त्याच जागी कच्चा माल तयार करणारे यंत्र बसवलेले आहे असा अर्थ लावला गेला आणि तो रास्त होता. गंमत पुढे आहे. त्याच प्रथिनात, विकराच्या भागाच्या मधेच, ग्लायसिन आणि ॲस्परॅजिन यांच्या आवृत्त्यांचा एक पट्टा घुसलेला असतो, आणि २००५ साली दाखवले गेले की नॅक्रिन द्रावणात मोकळे असताना चुना पडण्याची क्रिया मंदावते. एकाच रेणूत माल पुरवणारा हात आणि माल अडवणारा हात. मला या विषयातील एकच उदाहरण निवडायला सांगितले तर मी हेच निवडेन.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खनिजाच्या निवडीकडे वळू. येथे लोक सहसा विचारतात की आतल्या थरात अस्थिर असलेले ॲरागोनाइट कसे काय पडते. समुद्री शिंपल्याच्या बाबतीत मी प्रश्न उलटा विचारते: बाहेरच्या थरात कॅल्साइट कसे पडते? समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या सुमारे पाचपट मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियम कॅल्साइटच्या जाळीत शिरते आणि तिची वाढ बिघडवते. ॲरागोनाइटच्या जाळीत त्याला जागाच नसल्यामुळे ते तिला फारसे छळत नाही. म्हणून अशा पाण्यातून प्रथिनांशिवाय चुना पाडला तर तो ॲरागोनाइट होऊनच पडतो. तेव्हा येथे कॅल्साइटलाच मदतनीस लागतो. तो मदतनीस २००४ साली स्तंभथराच्या जनुकांमध्ये सापडला. ॲस्पीन असे त्याचे नाव असून त्याच्या अमिनो आम्लांपैकी ६० टक्के एकटे ॲस्पार्टिक आम्ल आहे. एवढे आम्लधर्मी प्रथिन निसर्गात क्वचितच आढळते. पुढे २००८ साली दाखवले गेले की ज्या मॅग्नेशियमयुक्त द्रावणातून एरवी ॲरागोनाइट पडते, त्यातच ॲस्पीन घातले तर कॅल्साइट पडते.

यावरून ॲरागोनाइटला प्रथिनांची गरजच नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला मी आपल्या तळ्यांतील शिंपल्यांकडे बोट दाखवीन. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांत मोत्यांची शेती करण्याची जी लाट आली आहे, ती लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातील शिंपल्यावर चालते. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम फारच कमी असते, आणि तरीही या शिंपल्याचे बाहेरचे स्तंभ आणि आतल्या वड्या हे दोन्ही ॲरागोनाइटचेच असतात. तेथे मॅग्नेशियमची सबब चालत नाही. १९९६ साली फालिनी, वायनर, अद्दादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर परीक्षानळीत शोधले. त्यांनी कायटिन, रेशमासारखे प्रथिन आणि कवचातून काढलेली आम्लधर्मी प्रथिने एकत्र मांडली. ॲरागोनाइटच्या थरातील प्रथिने घातली तर ॲरागोनाइट वाढले, कॅल्साइटच्या थरातील घातली तर कॅल्साइट. त्या प्रयोगातील मोलाची गोष्ट अशी की केवळ प्रथिने पुरेशी पडत नव्हती. कायटिन आणि रेशीम यांची ती जोडगोळी हजर असावी लागत होती. म्हणजे प्रथिन कोणते, इतकेच ते कोठे आणि कशावर बसलेले आहे हेही महत्त्वाचे.

ही बैठक कशाची असते? मोतीथरात वड्यांच्या दोन थरांमध्ये जो पडदा असतो त्याच्या गाभ्यात कायटिनचे समांतर धागे असतात, तेच कायटिन जे खेकड्याच्या पाठीत असते, फक्त त्याची घडण वेगळी. त्याच्या जोडीला १९९७ साली वर्णन केलेल्या एमएसआय-६० या प्रथिनासारखी प्रथिने असतात. एमएसआय-६० मध्ये ॲलानिन आणि ग्लायसिन या लहान अमिनो आम्लांच्या लांब लांब माळा आहेत, अगदी कोळ्याच्या जाळ्यातील रेशमासारख्या. त्याच वेळी स्तंभथरासाठी एमएसआय-३१ हे सांगाड्याचे प्रथिन वर्णन केले गेले. पूर्वी समजूत अशी होती की रेशमासारखे हे प्रथिन पडद्यावर ताठ अस्तरासारखे पसरलेले असते. २००१ साली ओल्या अवस्थेतच गोठवलेल्या नमुन्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण झाले तेव्हा दिसले की ते पडद्यांमधली जागा भरणारा मऊ रस असावा आणि खनिज वाढताना तो बाजूला सरत असावा. कोरड्या नमुन्यात तो पडद्याला चिकटून वाळतो आणि भिंतीसारखा भासतो. आमच्या विषयात वाळवलेल्या नमुन्याने कितीजणांना फसवले असेल याची गणती नाही.

या सांगाड्यात पहिला कण कोठे धरायचा, हे ठरवणाऱ्या प्रथिनाचा सर्वांत पटणारा पुरावा २००९ साली मिळाला. मिचियो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ हिशोब केला: मोतीथराच्या अर्कातील जे प्रथिन ॲरागोनाइटला चिकटेल आणि कॅल्साइटला चिकटणार नाही, तेच कामाचे. अशा रीतीने त्यांना पिफ हे प्रथिन सापडले. पिफ एकाच जनुकातून एक लांब रेणू म्हणून तयार होते आणि नंतर त्याचे दोन तुकडे होतात, पिफ-९७ आणि पिफ-८०. पहिल्या तुकड्यात कायटिनला धरणारा भाग आहे, तसेच इतर प्रथिनांना धरणारा एक भाग आहे. दुसरा तुकडा आम्लधर्मी असून ॲरागोनाइटला धरतो. म्हणजे एक टोक पडद्यात रोवलेले आणि दुसरे खनिजाच्या दिशेने उघडे. कायटिनच्या पटलावर पिफयुक्त समूह बसवून खनिज वाढवले तेव्हा ॲरागोनाइटचे स्फटिक मिळाले आणि त्यांचा मुख्य अक्ष पटलाला काटकोनात उभा होता, जसा तो खऱ्या मोतीथरात असतो.

त्या निबंधातील जो भाग मला निर्णायक वाटतो तो मात्र जिवंत प्राण्यावरचा आहे. त्यांनी पिफच्या जनुकाचा संदेश नष्ट करणारे दुपदरी आरएनए शिंपल्यात टोचले. काही दिवसांनी मोतीथराच्या वाढत्या पृष्ठभागावर वड्यांची शिस्त मोडलेली दिसली. परीक्षानळीत कोणतेही आम्लधर्मी प्रथिन, किंबहुना साधे पॉलिॲस्पार्टिक आम्लसुद्धा, स्फटिकांवर काही ना काही परिणाम करतेच. एखाद्या प्रथिनाने द्रावणात स्फटिकाचा आकार बदलला एवढ्यावरून त्याला कवचाचा शिल्पकार ठरवण्याचा मोह मी अनेक हस्तलिखितांत पाहिला आहे आणि तपासनीस म्हणून त्याला विरोधही केला आहे. प्रथिन काढून घेतल्यावर प्राण्याचे काय बिघडते, हा प्रश्न अधिक खरा.

मोकळे असणे आणि बांधलेले असणे यातील फरक एन-१६ या प्रथिनाने सर्वांत स्वच्छ दाखवला. काहीजण त्याला पर्लिन म्हणतात. ते १९९९ आणि २००० साली दोन गटांनी वेगवेगळे वर्णन केले. द्रावणात सोडले तर ते चुन्याला अडवते. न विरघळणाऱ्या सांगाड्यावर बसवले तर त्याच प्रथिनाच्या आधाराने ॲरागोनाइटच्या चपट्या पातळ थरांची वाढ होते. त्यातील रसायन बदललेले नाही, बदलला आहे तो त्याचा पत्ता. पाण्यात फिरणारे प्रथिन वाढत्या स्फटिकाच्या प्रत्येक पायरीला जाऊन चिकटते आणि तिला कुंठित करते. तेच जागेवर खिळले की त्याने धरलेले कॅल्शियम एका ठिकाणी गोळा होते. शिंपला प्रथिनाला पडद्यात रोवतो त्यामागे हा हिशोब आहे. वड्यांच्या कडा एकमेकींना भिडेपर्यंत बाजूला वाढत जातात, पण वरच्या दिशेने पडद्यापाशी थांबतात; या थांबण्यात पडद्याचा अडसर आणि द्रवातील मोकळी प्रथिने या दोहोंचा वाटा असावा असे मला वाटते.

प्रत्येक वडीला नवा कण लागतो का, असा उपप्रश्न येथे येतो. सागरी गोगलगाईसारख्या अबॅलोनच्या मोतीथरात पडद्यांना सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून खालच्या वडीचे खनिज वरच्या वडीत पोहोचते, असे १९९७ साली दाखवले गेले. ही छिद्रे म्हणजे खनिजाचे पूल. पुलावरून केवळ खनिज जात नाही, अणूंची दिशाही जाते, म्हणून कित्येक वड्या एकमेकींशी जुळलेल्या असतात. तसे असेल तर प्रथिनांवरचा भार कमी होतो: पहिला कण त्यांनी बसवायचा, पुढच्या कित्येक वड्यांची दिशा खनिज स्वतःच पुढे नेते. साच्याची कल्पना धरून बसलेल्यांना हे आवडले नाही. मला मात्र यात निसर्गाची काटकसर दिसते.

आणखी एक टप्पा मधे आहे. कॅल्शियम कार्बोनेट थेट स्फटिक म्हणून न येता आधी आकारहीन, पाणीदार रूपात येऊ शकते, आणि मोतीथराच्या वड्यांवर ३ ते ५ नॅनोमीटर जाडीचा असा आकारहीन थर २००५ साली अबॅलोनमध्ये दिसला. आकारहीन चुना हा अतिशय अधीर पदार्थ आहे. मोकळा सोडला तर काही मिनिटांत स्फटिक बनतो. त्याला साठवून ठेवायचे तर कोणीतरी धरून ठेवावे लागते. २००७ साली पिंक्टाडा फुकाटाच्या प्रावारालगतच्या द्रवातून आकारहीन चुन्याला धरणारे एक प्रथिन वेगळे काढण्यात आले, जे या रूपाला टिकवते आणि स्फटिकांची नको ती वाढ रोखते. पुन्हा तेच: आधी थोपवायचे, मग योग्य जागी सोडायचे.

स्तंभथराविषयी मी कमी लिहीत आहे, कारण त्यावरचे काम तितके जुळून आलेले नाही. त्यात ग्लायसिनने भरलेली शेमाट्रिन कुळातील प्रथिने आहेत, लायसिनमुळे धनभारित असलेली प्रथिने आहेत, कायटिनला धरणारे प्रिझ्मॅलिन-१४ आहे आणि टायरोसिनेज विकरे आहेत. टायरोसिनेजचे काम प्रथिनांना एकमेकांशी घट्ट विणून कडक करण्याचे असते. कापलेल्या सफरचंदाला तांबूसपणा आणणाऱ्या विकराचे ते नातेवाईक. स्तंभांमधल्या भिंती तपकिरी आणि चिवट असतात त्या यामुळे. स्तंभांची वाढ या भिंतींनी आखलेल्या जागेत होते आणि मोठे स्तंभ लहानांना दाबत पुढे जातात. येथे प्रथिनांचा वाटा कुंपण घालण्याचा अधिक आहे.

हे सारे मोती पिकवणाऱ्याच्या कामाचे आहे का? आहे, आणि त्याच्या रोजच्या नुकसानीशी त्याचा थेट संबंध आहे. शिंपल्यात गोल मोती धरवण्यासाठी दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा चिमुकला तुकडा आणि कवचापासून घडवलेला गोल मणी असे दोन्ही आत ठेवतात. आपल्याकडे हे तंत्र १९७३ साली के. अलगरस्वामी यांनी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन येथील कामात यशस्वी केले. त्या तुकड्यातील पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि मोती म्हणजे त्या पिशवीच्या स्रावाचा इतिहास असतो. स्वातीचा थेंब पडून मोती होतो ही आपली जुनी कल्पना काव्यात शोभते. प्रत्यक्षात आत जाते ती जिवंत पेशी, आणि पेशीशिवाय नुसता मणी ठेवला तर त्याभोवती सुटा, गोल मोती धरत नाही.

ही पिशवी पहिल्या दिवसापासून मोतीथर घालत नाही. सुरुवातीला ती सेंद्रिय पडदा आणि स्तंभथराचे कॅल्साइट घालते, आणि मग मोतीथराच्या जनुकांकडे वळते. अबॅलोनच्या कवच आणि प्रावार यांमध्ये काचेचा तुकडा सरकवून केलेल्या १९९४ च्या प्रयोगातही हाच क्रम दिसला होता: आधी सेंद्रिय थर, मग कॅल्साइट, मग मोतीथर. हे वळण वेळेवर झाले नाही, किंवा पिशवीच्या एका भागात झाले आणि दुसऱ्यात झाले नाही, तर मोत्यावर मातकट, निस्तेज डाग राहतात. मोती वाईट निघाला की शेतकरी पाण्याला दोष देतो. पाण्याचाही दोष असतो, पण अनेकदा तो तुकडा प्रावाराच्या कडेच्या फार जवळून कापलेला असतो, जेथील पेशींना स्तंभथराची प्रथिने स्रवण्याचीच सवय असते. कापणाऱ्याने दोन मिलिमीटर आत जाऊन कापले असते, तर त्याला निराळा मोती मिळाला असता.

मोत्याचा दर्जा कोणाकडून येतो, ज्याच्या प्रावाराचा तुकडा घेतला त्या दात्याकडून की ज्याच्यात तो ठेवला त्या यजमानाकडून, असे मला मोतीशेती करणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाते. पिंक्टाडा मॅक्सिमा आणि पिंक्टाडा मार्गारिटिफेरा या दोन जातींमध्ये तुकड्यांची अदलाबदल करून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मोती काढण्याच्या वेळीही पिशवीमध्ये दात्याच्या पेशींची जनुके चालू असतात आणि कवचाच्या प्रथिनांचा संदेश देत असतात. यजमान अन्न, ऑक्सिजन आणि कॅल्शियम पुरवतो, त्याच्या तब्येतीवर थरांची जाडी अवलंबून राहते. पण वड्यांची शिस्त आणि रंग यांवर दात्याची छाप मोठी असते. म्हणून तुकडा घेण्यासाठी शिंपला निवडताना त्याचा आकार किंवा वजन पाहून थांबू नये. तो उघडल्यावर कवचाची आतली बाजू तिरप्या उजेडात धरून पाहावी, तिच्यावर ढगाळ पट्टे किंवा पिवळट चट्टे असतील तर तो बाजूला ठेवावा, आणि झळाळी कडेपासून आतपर्यंत सलग असेल तरच त्याच्या प्रावाराला सुरी लावावी.